वाचलेलं इंधन जातं कुठे?

रेवदंड्याहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून काढलाय. बोलताना झालेले अडखळे तेवढे काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

चौल बंदरावरच्या भागानंतर बरेच व्हॉइस मेसेज आले. त्यातला एक मुरुडकडच्या बारावीतल्या मुलाचा होता. तो म्हणतो, “दादा, तुम्ही जहाजांचं सांगितलंत, आता विमानांचं सांगा. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. कंपन्या म्हणतात नवीन विमानं पंधरा-वीस टक्के कमी तेल पितात. मग तिकीट का उतरत नाही? आणि एवढं तेल वाचतं तर ते जातं कुठे?”

प्रश्न मला फार आवडला. बहुतेक लोक पहिल्या अर्ध्यावर थांबतात, तिकिटावर. हा पोरगा पुढे गेला. उत्तरासाठी मात्र नव्वद वर्षं मागे जावं लागेल.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून एक छोटं विमान घेऊन निघतात. डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ, एका इंजिनाचं. आत टपालाच्या थैल्या. वाटेत अहमदाबादला इंधन भरायचं होतं. ते आलं कसं? बर्मा शेलचं पेट्रोल, चार-चार गॅलनच्या डब्यांत, बैलगाडीवरून. तिथून विमान मुंबईत जुहूला उतरलं आणि पुढचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. भारतातल्या नियमित हवाई सेवेची ही सुरुवात, आणि तिचं इंधन बैलांनी ओढून आणलेलं.

जुहूचं मैदान समुद्रालगतचं. पावसाळ्यात तिथे चिखल आणि पाणी, विमान उतरणार कुठे? मग पावसाळ्याचे महिने सगळा कारभार पुण्याला हलवायचा. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, तशातलाच प्रकार. पहिल्या वर्षात या कंपनीने १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा कमावला. प्रवासी दीडशेच, कारण खरी कमाई टपालाची होती. अशा धंद्यात एक डबा पेट्रोल जास्त लागलं तर मालकाला लगेच कळतं. म्हणजे इंधनाची काटकसर तिथे रोजच्या जमाखर्चातच होती, कोणी तिची जाहिरात करत नव्हतं.

आता सोळा वर्षं पुढे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, चार पिस्टन इंजिनं, पुढे फिरणारे पंखे. कैरो, जिनिव्हा असं थांबत ते १० जूनला लंडनला पोचलं. आज आपल्याला हे हळू वाटतं, पण त्या काळी लोक बोटीने जायचे आणि त्याला काही आठवडे लागायचे.

हे कॉन्स्टेलेशन लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून मी स्वतः चाट पडलो होतो.

फेब्रुवारी १९६० मध्ये एअर इंडियाकडे पहिलं जेट आलं. बोइंग ७०७, नाव ‘गौरीशंकर’. त्याच वर्षी कंपनीची विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागली. १९६२ पर्यंत एअर इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला होता आणि कंपनी हे जगाला अभिमानाने सांगायची. शाळेत, वर्तमानपत्रांत आपण ही गोष्ट प्रगतीची म्हणून वाचतो. वेग जवळजवळ दुप्पट झाला, प्रवास एका दिवसाच्या आत आला, हे खरंच. पण इंधनाच्या बाबतीत ती उडी मागे होती. एका प्रवाशाला एक किलोमीटर न्यायला लागणारं इंधन मोजलं तर सुरुवातीची जेट विमानं त्या पंखेवाल्या विमानांपेक्षा कितीतरी जास्त खायची. नेदरलँड्सच्या एरोस्पेस प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी २००५ मध्ये हा हिशोब मांडला. शेवटच्या पिस्टन विमानांची काटकसर गाठायला जेट विमानांना काही दशकं घालवावी लागली, असा त्याचा अर्थ.

मग कंपन्यांनी जेट घेतली का? तेल स्वस्त होतं म्हणून. आणि विमान जितकं वेगात जाईल तितक्या जास्त फेऱ्या ते वर्षात मारतं, तितकी जास्त तिकिटं विकली जातात. तेल जाळून वेळ विकत घेतला, असा सरळ व्यवहार होता. “दर नवीन विमान आधीच्यापेक्षा कमी इंधन पितं” हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते निसर्गनियम वाटायला लागतं. तसं काही नाही. कमी पिणारं विमान तेव्हाच बनतं जेव्हा तेल महाग होतं.

तरी एक श्रेय द्यायला हवं. एअर इंडियाने ७०७ घेताना इंजिन रोल्स रॉइसचं निवडलं, ‘कॉनवे’ नावाचं. प्रवासी सेवेत आलेलं हे पहिलं बायपास इंजिन. बायपास म्हणजे काय हे आज समजून घेऊच, कारण पुढची साठ वर्षं सगळा खेळ याच एका गोष्टीवर चाललाय.

कुंडलिकेच्या खाडीत होडी वल्हवताय अशी कल्पना करा. तुमच्या हातात बारीक काठी असेल तर ती पाण्यात कितीही जोरात मारा, थोडंसंच पाणी वेगाने मागे फेकलं जातं आणि होडी जागची जेमतेम हलते. दमता मात्र तुम्ही. तीच मेहनत रुंद पात्याच्या वल्ह्याने केली तर भरपूर पाणी सावकाश मागे ढकललं जातं आणि होडी निघते. विमानालाही हेच लागू. थोडी हवा प्रचंड वेगाने मागे फेकण्यापेक्षा खूप हवा कमी वेगाने मागे फेकली तर त्याच धक्क्याला इंधन कमी लागतं. म्हणून इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा बसवतात. त्याने ओढलेली थोडी हवा आत जळायला जाते, बाकीची न जळता बाजूने मागे ढकलली जाते. बाजूने जाणारी ही हवा म्हणजे बायपास.

कॉनवेमध्ये आत जळायला जाणाऱ्या दर १० किलो हवेमागे जेमतेम ३ किलो बाजूने जायची. सुरुवात होती ती. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे पहिलं जंबो आलं, बोइंग ७४७ ‘एम्परर अशोक’, खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेलं. त्याच्या इंजिनात हा आकडा ५० किलोच्या आसपास गेला होता. आणि आजच्या ए-३२० निओवर बसणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनात तो १२० च्या घरात आहे. ३, ५०, १२०. साठ वर्षांचा सगळा प्रवास या तीन आकड्यांत बसतो. (त्या ‘एम्परर अशोक’चा शेवट वाईट झाला. १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून निघाल्यावर काही मिनिटांतच ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली.)

जंबो आलं आणि दोन वर्षांत जग बदललं. ऑक्टोबर १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध, अरब देशांची तेलबंदी, आणि कच्च्या तेलाचा पिंप तीन डॉलरवरून काही महिन्यांत जवळपास बारा डॉलरवर. एअर इंडियाने साठच्या दशकात आवाजापेक्षा वेगवान कॉन्कॉर्डची दोन विमानं राखून ठेवली होती. ती पुढे सोडून दिली. तेल पिण्यात कॉन्कॉर्डचा हात कोणी धरला नसता. इथून पुढे विमान विकणारा माणूस वेगाबद्दल बोलायचं बंद करतो आणि इंधनाबद्दल बोलायला लागतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे एअरबस ए-३२० यायला लागली. तेव्हा ते विमान अगदी नवं कोरं, कॉम्प्युटरने चालणारं, कमी इंधनात जाणारं. जगात सगळीकडे ए-३२० च्या पंखाखालच्या पायाला दोन चाकं असतात. इंडियन एअरलाइन्सने मुद्दाम चार-चार चाकांचे पाय बनवून घेतले. का? आपल्या कित्येक धावपट्ट्या एवढा भार दोन चाकांवर घ्यायच्या लायकीच्या नव्हत्या. चार चाकांवर वजन विभागलं तर डांबर खचत नाही. आयडिया चांगली, पण ती जास्तीची चाकं, दांडे, ब्रेक यांचं वजन प्रत्येक उड्डाणात वर न्यायचं आणि खाली आणायचं. म्हणजे युरोपातल्या इंजिनिअरांनी कमावलेल्या बचतीतला थोडा हिस्सा आपल्या कच्च्या धावपट्ट्यांनी खाल्ला. त्यात १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला यातलं एक विमान उतरताना कोसळलं, ९२ माणसं गेली आणि सगळी ए-३२० काही महिने जमिनीवर उभी राहिली. सगळ्यात काटकसरी विमानं उभी, आणि मालक त्यांचे हप्ते भरतोय.

चौलच्या भागात आपण हेच पाहिलं होतं. नुसतं जहाज चांगलं असून भागत नाही, बंदराला ते झेपावं लागतं. जहाजं मोठी होत गेली, खाडी गाळाने उथळ होत गेली आणि व्यापार मुंबईला गेला.

बरं, आता आपल्या काळात येऊ. २००३ पासून एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा धडाका लावला. २००५ च्या पॅरिस एअर शोमध्ये इंडिगो नावाच्या कंपनीने, जिचं एकही विमान अजून उडालं नव्हतं, १०० ए-३२० ची ऑर्डर दिली. लोक हसले असतील. ४ ऑगस्ट २००६ ला पहिलं उड्डाण झालं. मग २०११ मध्ये १८० विमानं, त्यातली १५० निओ. २०१५ मध्ये २५०, २०१९ मध्ये ३००, आणि जून २०२३ मध्ये एकदम ५००. त्याच वर्षी फेब्रुवारीत टाटांकडे परत आलेल्या एअर इंडियाने एअरबस आणि बोइंग मिळून ४७० विमानं मागवली होती.

एवढे पैसे येतात कुठून? इथेच त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. समजा तुम्ही वाडीसाठी एकच रोप घेतलंत तर रोपवाटिकेवाला छापील भाव लावणार. पाचशे घेतलीत तर भाव पाडून देणार. विमानांचंही तसंच, मोठ्या ऑर्डरवर मोठी सूट. मग विमान तयार झालं की ताबा घेतानाच ते विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं. यातल्या कित्येक कंपन्या आयर्लंडमध्ये आहेत. सुटीच्या भावात घेतलेलं विमान जास्त भावात विकलं जातं, मधला फरक खिशात. आणि तेच विमान त्यांच्याकडून काही वर्षांच्या भाड्याने लगेच परत घ्यायचं. मुदत संपली की जुनं परत, नवीन हजर. म्हणून ताफा कायम तरुण राहतो, इंधन कमी लागतं, दुरुस्तीही कमी.

हुशारीचा व्यवहार आहे, नाही म्हणता येणार नाही. पण भाडं डॉलरमध्ये असतं. २००६ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या वर गेला. वाचलेल्या इंधनाचा एक वाटा त्यामुळे डब्लिनला भाडं म्हणून जातो.

आता तिकिटाचा हिशोब करूया, ढोबळच. भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. ३५ धरू. निओने त्यातले १५ टक्के वाचवले. ३५ चे १५ टक्के म्हणजे सव्वापाच. पाच हजारांच्या तिकिटावर अडीचशे-साडेतीनशेच्या मधला काहीतरी आकडा, तोही कंपनीने सगळाच्या सगळा तुम्हाला दिला तर. दिवाळीत दादरहून गावाला येणाऱ्या खासगी बसवाल्याचं इंजिन चांगलं आहे म्हणून तो भाडं कमी करतो का? सीट भरत असतील तर तो भाडं वाढवतो. इथेही तेच.

आणि सरकार? विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यावर राज्य आपला व्हॅट लावतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि आपल्या रायगड जिल्ह्यात तो २५ टक्के होता. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात तो १८ वर आणण्याची घोषणा झाली. विमानतळ उभं राहत होतं म्हणून यादीत रायगडचं नाव. गणित करून बघा: शंभराचं इंधन १२५ ला मिळत होतं ते ११८ ला, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास स्वस्त. इंजिनवाल्यांनी वीस-वीस वर्षं घासून १५ टक्के मिळवले, आणि मंत्रालयातल्या एका सहीने त्याच्या एक-तृतीयांशाएवढा फरक पडला.

पण नवीन विमानाची किंमत फक्त पैशात नसते. मोठा पंखा हवा, हे आपण पाहिलं. ए-३२० जमिनीपासून उंच, त्यामुळे तिच्या पंखाखाली मोठं इंजिन मावलं. बोइंग ७३७ हे साठच्या दशकातलं ठेंगणं विमान. त्याच्याखाली मोठं इंजिन मावेना, म्हणून ते पुढे आणि वर सरकवलं. त्यामुळे काही परिस्थितीत विमानाचं नाक वर जाण्याची ओढ वाढली. ती आवरायला एक सॉफ्टवेअर घातलं, आणि ते चुकीच्या वेळी नाक खाली दाबायला लागलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशिया, मार्च २०१९ मध्ये इथिओपिया. दोन अपघात, ३४६ माणसं. जगभर ७३७ मॅक्स उभी राहिली.

मुंबईच्या जेट एअरवेजकडे पहिलं मॅक्स जून २०१८ मध्ये आलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत, १७ एप्रिल २०१९ ला जेटने शेवटचं उड्डाण केलं. कर्ज, महाग तेल, घसरलेला रुपया, कारणं बरीच होती. सगळ्यात काटकसरी विमान दारात असून कंपनी वाचली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून विषय मिटवायचा आदेश दिला.

गो फर्स्टची गोष्ट तर आणखी उलटी. तीही मुंबईचीच, वाडिया समूहाची. ताफा जवळपास सगळा निओचा. निओच्या त्या प्रॅट इंजिनात एक गिअरबॉक्स आहे, कारण पुढचा मोठा पंखा सावकाश फिरायला हवा आणि आतलं टर्बाइन वेगात. सायकलच्या गिअरसारखंच, दोघांना आपापल्या चालीने चालू द्यायचं. कल्पना सुंदर. पण आतले इतर भाग अपेक्षेपेक्षा लवकर झिजायला लागले, इंजिनं दुरुस्तीला गेली, बदली इंजिनं मिळेनात. निम्मी विमानं उभी राहिली आणि २ मे २०२३ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दोष इंजिन कंपनीवर ठेवला, जो त्या कंपनीने मान्य केला नाही. जुलै २०२३ मध्ये त्याच इंजिनाच्या काही भागांतल्या धातूच्या भुकटीत भेसळ आढळल्याचं कंपनीने जाहीर केलं, तपासणीसाठी जगभर इंजिनं उतरवावी लागली आणि इंडिगोचीही डझनांनी विमानं उभी राहिली. इंडिगोकडे एवढी विमानं होती की तिला ते सोसलं. गो फर्स्टला नाही सोसलं.

हे मी लांबवून का सांगतोय? अलिबाग-पेणपासून पनवेलपर्यंत सध्या “एअरपोर्टमध्ये नोकरी” असे बॅनर लागलेत. सहा महिन्यांचा कोर्स, फी लाखाच्या घरात. तुमच्यातल्या काहींनी मला त्याबद्दल विचारलंय. जेट आणि गो फर्स्टमध्ये हजारो माणसं होती, गणवेश घालून, ओळखपत्र लटकवून. त्यांची विमानं जुनी नव्हती. माझं मत विचाराल तर विमान दुरुस्तीचं लायसन्स हे त्यातल्या त्यात टिकणारं काम आहे, कारण इंजिन जितकं गुंतागुंतीचं तितकी त्याला जास्त माणसं लागतात. पण त्यासाठी संस्था डीजीसीएची मान्यता असलेली लागते. फी भरायच्या आधी डीजीसीएच्या यादीत संस्थेचं नाव आहे का ते स्वतः बघा. बॅनरवर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

आता राहिला प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. तेल जातं कुठे?

आधी बचतीला तिचा मान देऊ. जुनी ए-३२० तासाला साधारण अडीच टन इंधन जाळते. मुंबई-दिल्ली दोन तास, पाच टन. १८० सीट भरल्या असतील तर माणशी ३४-३५ लिटर. निओमध्ये तेच २९-३० लिटर. मुंबईहून दिल्लीला तुम्ही एकटे बाइकवर गेलात, चौदाशे किलोमीटर, लिटरला ४५-५० चं मायलेज, तर लागणार २८ ते ३१ लिटर. म्हणजे भरलेलं निओ आणि एकट्याची बाइक माणशी जवळपास सारखंच तेल पितात. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं.

आता देशाचा हिशोब. २०१४ मध्ये देशांतर्गत विमानांनी सुमारे ६ कोटी ७० लाख प्रवासी गेले. २०२४ मध्ये १६ कोटी १० लाखांच्या वर. जवळजवळ अडीचपट. याच काळात भारतात विकलं गेलेलं विमानाचं इंधन वर्षाला सुमारे ५७ लाख टनांवरून ९० लाख टनांच्या आसपास गेलं. यात परदेशी जाणाऱ्या विमानांत भरलेलं इंधनही आलं, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण चित्र दिसतं. प्रवासी अडीचपट झाले आणि तेल दीडपटच वाढलं, म्हणजे बचत खरी आहे. आणि तरीही आपण दहा वर्षांपूर्वीपेक्षा वर्षाला तीसेक लाख टन जास्त जाळतोय. वाचलेलं तेल टाकीत पडून राहिलं नाही. ते पुढच्या विमानात भरलं गेलं. विल्यम स्टॅनले जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय: वाफेची इंजिनं सुधारली म्हणून इंग्लंडचा कोळसा कमी नाही लागला, जास्त लागला, कारण इंजिन परवडायला लागलं.

यात वाईट काय, असं कोणी म्हणेल. आधी जे लोक विमानात बसू शकत नव्हते ते आता बसतात. बरोबर आहे, मीही त्यातलाच. घरात पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस मीच, तेही २००६ नंतर. त्यामुळे उडणाऱ्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. माझा राग फक्त त्या जाहिरातीवर आहे, जी दर सीटमागचा आकडा सांगते आणि सीट किती वाढल्या ते सांगत नाही.

आणि त्या वाढलेल्या सीटना जमीन लागते. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. रायगड जिल्ह्यातलं पहिलं. साडेअकराशे हेक्टर, उलव्याचा डोंगर फोडून, उलवे नदीचा मार्ग वळवून, दहा गावठाणं उठवून. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी, पूर्ण झाल्यावर नऊ कोटी. २०१४ मध्ये सगळ्या देशात जितके लोक देशांतर्गत विमानात बसले त्याहून जास्त माणसं या एका विमानतळावरून जातील असा हिशोब आहे. कमी तेल पिणारी विमानं नसती तर एवढं मोठं विमानतळ कोणी बांधलंच नसतं. ज्यांची गावं उठली त्यांच्या दृष्टीने इंजिनातला तो मोठा पंखा तिथपर्यंत पोचला, असं मला वाटतं.

पर्यायी इंधनाबद्दलही विचाराल, म्हणून थोडक्यात. १९ मे २०२३ ला पुणे-दिल्ली असं एअर एशिया इंडियाचं एक विमान थोडं जैवइंधन मिसळून उडालं. ते पुण्याच्या प्राज कंपनीने उसाच्या मळीपासून केलं होतं, इंडियन ऑइलच्या साथीने. सरकारचं लक्ष्य आहे परदेशी उड्डाणांत २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन आणि २०३० पर्यंत पाच टक्के मिसळायचं. उसाला पाणी किती लागतं ते सोलापूर-मराठवाड्याकडच्या श्रोत्यांनी मला कळवावं, त्यावर वेगळा भाग होईल.

आजचं एवढंच. पुढच्या भागात या विमानतळाच्या जमिनीचा मागचा इतिहास: सिडको १९७० मध्ये आली तेव्हापासून जानेवारी १९८४ च्या आंदोलनापर्यंत, दि. बा. पाटील, गोळीबारात गेलेले पाच जण आणि साडेबारा टक्के. उरण-पनवेलकडे कोणाच्या घरी त्या वेळची कात्रणं, फोटो किंवा सिडकोच्या नोटिसा असतील तर फोटो काढून पाठवा. मूळ कागद पाठवू नका, जपून ठेवा. भेटूया.